आधी आकडा विचारला

काल लेकीच्या जिम्नॅस्टिक्सच्या स्पर्धेहून घरी यायला साडेनऊ वाजले. आजचा दिवस कामात गेला, पण एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये.

बीम, म्हणजे अरुंद पट्टीवरचा प्रकार, झाल्यावर ती जॅकेट खांद्यावर टाकून माझ्याकडे पळत आली. चॉकने हात कोपरापर्यंत पांढरे, डोळे नुसते चमकत होते. आणि मी विचारलं, "किती दिले?"

तिने आकडा सांगितला, पाणी प्यायली, पिना काढायला बसली. गाडीत बराच वेळ गप्प होती. मग हळूच म्हणाली, "आई, माझी सिरीज बघितलीस ना?"

बघितली होती गं. लागोपाठ दोन फ्लिक, म्हणजे मागे हातांवर उलटून परत पायांवर येणं, तेही १० सेंटीमीटर रुंदीच्या पट्टीवर, जमिनीपासून सव्वा मीटर उंच, आणि पाय टेकल्यावर ती तसूभरही हलली नाही. चौदा महिने ती सिरीज लागत नव्हती. मध्यंतरी उंची भराभर वाढली आणि जमलेलं सगळंच बिघडलं. नडगी सोलून घरी यायची. एक महिना तर असा गेला की बीमवर चढायची, हात वर करायची आणि मागे जायचंच नाही, नुसती उभी. सर ओरडले नाहीत. जमिनीवरच्या रेघेवर, मग खालच्या बीमवर, असं पहिल्यापासून आणलं तिला. हे सगळं मला माहीत होतं, तरी मी आकडा विचारला.

शेवटी उतरताना पडली. पडलं की पूर्ण एक गुण जातो. बारीक चुकीला एक दशांश, मध्यमला तीन, मोठीला पाच, असे दहातून कापत जातात. इतकी वर्षं प्रेक्षकांत बसून हे पाठ झालंय, आणि आता ती बीमवर चढली की माझ्या मनात वजाबाकीच चालू होते. पूर्वी मी श्वास रोखून नुसती बघायचे.

मीही थकते. पहाटेचे डबे, बुडवलेली लग्नं, संपलेल्या रजा. ह्यांच्याशी पैशांवरून जे झालं ते इथे नको. सासूबाईंनी फोनवर विचारलं, "दहावीला खेळाचे गुण तरी मिळतील ना?" मला राग आला होता त्यांचा. पण माझा प्रश्न तरी काय वेगळा होता?

२०१६ च्या ऑगस्टमधली ती रात्र आठवतेय. चार वर्षांची ही मांडीवर झोपलेली, आणि रिओ ऑलिंपिकमध्ये दीपा कर्माकर व्हॉल्टवर प्रोडुनोव्हा, म्हणजे हवेत पुढे दोन कोलांट्यांची उडी, मारत होती. १५.०६६, चौथा नंबर. कांस्यपदक १५.२१६ वर गेलं. फरक अवघा दीड दशांशाचा. मी रडले, पण पदक हुकल्याचं दुःख नव्हतं ते. सपाट तळव्यांची आगरताळ्याची पोर तिथे पोचली, तो जीवघेणा व्हॉल्ट मारून पायावर उतरली, म्हणून रडू आलं. दुसऱ्या दिवशी भेटेल त्याला सांगत होते. परक्या मुलीच्या चौथ्या नंबरने मी इतकी फुलून गेले होते. आणि काल.

सीनियर गटात खेळायला त्या वर्षात सोळा पूर्ण व्हावी लागतात. अजून तीन वर्षं आहेत. तोवर तिचं शरीर, तिचं मन... असो.

आज संध्याकाळी तिने माझा फोन मागितला. मी घेतलेला व्हिडिओ लावला. सिरीज लागते तिथे शेजारच्या बाईंच्या टाळ्या ऐकू येतात, आणि माझा आवाज, "उतरताना सांभाळ, उतरताना." ऐकून अंगावर काटा आला. तिचं लक्षही नव्हतं. ती सिरीजपर्यंत बघायची, मागे न्यायची, परत बघायची. पुढे गेलीच नाही.

मी हातातली कणीक तशीच ठेवून तिच्या शेजारी जाऊन बसले. "दुसरी फ्लिक परत दाखव," म्हटलं. तिने आवाज बंद केला आणि फोन आमच्या दोघींच्या मध्ये धरला.