दापोलीच्या वाटेवर, ओटीवरचा शिपाई

मुंबई-गोवा हायवेबद्दल लिहायला बसलो तर खड्ड्यांतच पोस्ट संपेल, म्हणून थेट माणगावात येतो. तिथे नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. 10 जुलै 1944 ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, सोबतचे सगळे मेले किंवा जखमी झाले तेव्हा पळसगावचा हा 22 वर्षांचा पोरगा एकटा मशीनगनवर धावून गेला. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, मग उरलेल्या दोघांना त्याने बंदुकीच्या दस्त्याने लोळवलं. पाठोपाठ त्यालाही गोळ्या लागल्या. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे इंग्रजांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला.

आंबेतच्या पुलावरून सावित्री ओलांडली की रत्नागिरी जिल्हा लागतो. म्हाप्रळ, मंडणगड, पुढे दापोली. पेन्शनीत निघालेल्या सुभेदार-हवालदारांचा हा मुलूख. दापोलीला म्हातारी माणसं अजून 'कॅम्प' म्हणतात, आणि बाबासाहेबांचं मूळ गाव आंबडवे याच मंडणगड तालुक्यात. त्यांचे वडील सुभेदार होते.

जेवायला मित्राच्या आजोळी थांबलो. ओटीवर गणपतीच्या कॅलेंडरशेजारी खिळ्याला तारेने टांगलेली एक गोल चकती दिसली. लांबून वाटलं जुनं झाकण असावं. हातात घेतली तर चांगली जड, साधारण 12 सेंटिमीटर रुंद, काशाची. त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया, म्हणजे ब्रिटनचं बाईच्या रूपातलं प्रतीक, पुढ्यात सिंह, अंगाला दोन डॉल्फिन. अगदी तळाशी बोटभर जागेत दुसरा छोटा सिंह एका गरुडाला फाडतोय. तो गरुड म्हणजे जर्मनी. आणि ब्रिटानियाच्या हातातल्या पानांच्या चक्राखाली, चौकटीत, उठावाच्या इंग्रजी अक्षरांत, मित्राच्या पणजोबांच्या भावाचं नाव. गोऱ्या कारकुनाला ऐकू आलं तसं लिहिलेलं.

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्यासाठी लढताना मेलेल्या सैनिकांच्या घरी इंग्रज सरकारने अशी चकती पाठवली. साडेतेरा लाखांच्या आसपास ओतल्या गेल्या. लिव्हरपूलच्या एडवर्ड कार्टर प्रेस्टन या शिल्पकाराने स्पर्धेत जिंकलेलं हे डिझाइन. हुद्दा मुद्दाम घातलेला नाही, जनरल असो की शिपाई. कडेने लिहिलंय की हा स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. कुणाच्या स्वातंत्र्यासाठी, हे विचारायची सोय 1919 मध्ये या ओटीवर नव्हती.

घरच्यांना एवढंच ठाऊक की तो 'बसऱ्याला गेला'. चकतीवर पलटणीचंही नाव नसतं. बसरा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. तिथे 103, 110 आणि 117 या मराठा पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर कूत या गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकल्या होत्या. 147 दिवस. घोडी कापून खाण्याची पाळी आली आणि 29 एप्रिल 1916 ला सगळे तुर्कांच्या कैदेत गेले. हा त्यांतलाच, असं मात्र मी म्हणणार नाही. बसऱ्याला जाऊन न परतलेले इतर पलटणींतलेही पुष्कळ होते.

आता खरी गंमत. दर दसऱ्याला ही चकती खाली उतरते, आमसुलाने आणि राखेने घासली जाते आणि कोयती-कुऱ्हाडीबरोबर पाटावर बसते. शंभर वर्षांच्या घासण्याने ब्रिटानियाचं नाक सपाट झालंय, नावातलं एक अक्षर नुसतं बोटाला लागतं, डोळ्यांना दिसत नाही. मी शहाणपणा केलाच. म्हटलं, "मामी, ही घासू नका. काळी पडली तरी चालते. घासून घासून नाव जाईल."

"जाईल तर जाईल," मामी म्हणाल्या. "नाव आमच्या ध्यानात आहे की. आणि दसऱ्याला काय काळ्याठिक्कर चकतीला हळदकुंकू लावू? वायंच सरक तिकडं, पानं मांडायचीत."

मित्राचं म्हणणं, काचेच्या फ्रेममध्ये घालू. मामींनी त्यालाही उडवून लावलं: काचेवर कुंकू लागतं होय?