बातमी कोणत्या दाराने येते

७ एप्रिल, रात्री साडेदहा

डॉ. रामचंद्र सिरस यांची आठवण आज सकाळपासून मनातून जात नाही. २०१० साली याच तारखेला ते अलीगढमधील भाड्याच्या घरात मृतावस्थेत आढळले होते. नागपूरकडचा, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारा आणि मराठीतच कविता लिहिणारा हा माणूस आपल्या भाषेचा होता. परंतु माझ्यासारख्या कित्येक मराठी वाचकांना त्यांचे नाव कळले ते कवितेमुळे नव्हे. त्या वर्षीच्या ८ फेब्रुवारीच्या रात्री काही जण कॅमेरे घेऊन त्यांच्या घरात घुसले, एका रिक्षाचालकासोबतचे त्यांचे खासगी क्षण त्यांनी चित्रित केले आणि त्यानंतर विद्यापीठाने निलंबित केले ते सिरस यांनाच. प्रौढांमधील संमतीने असलेले समलिंगी संबंध गुन्हा ठरत नाहीत, असा निकाल दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी दिला होता, म्हणजे या घटनेच्या सात महिने आधी. न्यायालयाने ज्यातून गुन्हा काढून टाकला होता, त्यात कॅमेऱ्याने तो पुन्हा घातला. १ एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली आणि सहाच दिवसांनी ते गेले.

याच प्रकरणात एका इंग्रजी दैनिकाच्या तरुण वार्ताहराने त्यांच्याशी बोलून, त्यांना माणूस मानून बातम्या दिल्या, हेही मला विसरायचे नाही. एकाच घटनेकडे एक जण दरवाजा ढकलून गेला आणि दुसरा दरवाजा वाजवून.

मी अनेक वर्षे एका दैनिकात रात्रपाळीचा उपसंपादक होतो, म्हणून हा प्रश्न मला बाहेरून पाहता येत नाही. जुलै २००१ मध्ये लखनौला एचआयव्ही प्रतिबंधाचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना पोलिसांनी ‘अनैसर्गिक’ संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ खाली अटक केली, तेव्हा वृत्तसंस्थेकडून आलेला मजकूर पोलिसांच्या तोंडचा होता आणि मी त्याचे मराठी केले. त्यात ‘अड्डा’ हा शब्द मी वापरला होता. ते लोक निरोध आणि माहितीपत्रके वाटत होते आणि त्यांना दीड महिन्याहून अधिक काळ तुरुंगात राहावे लागले, हे मला फार नंतर समजले. शब्द मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी घरोघरी पोहोचला होता.

पुढे मी यावर पुष्कळ विचार केला आणि मला असे वाटते की, आमच्या मनातल्या द्वेषापेक्षा बातमीचा उगम अधिक घातक होता. समलिंगी माणसाची बातमी आमच्याकडे येई ती क्राइम रिपोर्टरकडून, आणि त्याच्याकडे ती आलेली असे पोलीस ठाण्यातून. त्यामुळे ‘रंगेहाथ’, ‘अश्लील चाळे’, ‘अनैसर्गिक कृत्य’, ‘कबुली’ ही एफआयआरची भाषा तशीच शीर्षकात चढे. लहान मुलावर झालेला अत्याचार आणि दोन प्रौढांचे परस्परसंमतीचे नाते या दोहोंसाठी आम्ही ‘अनैसर्गिक’ हे एकच विशेषण वापरत होतो, ही गोष्ट मला आज सर्वांत जास्त टोचते. ‘समलिंगी’ आणि ‘तृतीयपंथी’ हे शब्दही एकमेकांच्या जागी बिनदिक्कत पडत.

याचा परिणाम मी एका स्नेह्यांच्या घरात पाहिला. त्यांच्या मुलाने आईला आपल्याविषयी सांगितले तेव्हा त्या माऊलीने पहिला प्रश्न विचारला, तो असा: ‘‘म्हणजे तुला पोलीस धरून नेतील का रे?’’ ती रागावलेली नव्हती, घाबरलेली होती. वीस-पंचवीस वर्षे रोज पेपर वाचणाऱ्या त्या बाईने अशा माणसाची जी जी बातमी वाचली होती, ती पोलीस ठाण्यात जाऊन संपत होती. तिच्या मुलासारखा, बँकेत नोकरी करणारा, आईची औषधे आणून देणारा समलिंगी तरुण आमच्या पानांवर तिला कधी भेटलाच नव्हता.

प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ६ सप्टेंबर २०१८ ला आला आणि पानेच्या पाने सप्तरंगी झाली. मला मनापासून आनंद झाला. तरीही हे विषय क्राइमच्या पानावरून न्यायालयाच्या पानावर आले, एवढेच तेव्हा घडले, असे माझे मत आहे. घरभाडे, आजारपण, म्हातारपण यांच्या बातम्यांत ही माणसे अजून क्वचितच दिसतात. समलिंगी हक्कांच्या मोर्चाच्या छायाचित्रातही सर्वांत भडक पोशाखाचीच निवड होते, साध्या सदऱ्यातला माणूस चौकटीबाहेर राहतो.

शब्द बदलता येतात, याचा दाखला मात्र आहे. मद्रास उच्च न्यायालयाच्या पुढाकारामुळे तमिळनाडू सरकारने २०२२ मध्ये या समुदायासाठी आदरयुक्त शब्दांची सूची राजपत्रात प्रसिद्ध केली. अशी सूची माझ्या टेबलावर तेव्हा असती, तर तो ‘अड्डा’ मी लिहिला नसता, असे मला वाटते.

आज कात्रणांची वही काढून सिरस यांच्याविषयीचा सगळा मजकूर पुन्हा वाचला. त्या रात्री त्या घरात आणखी एक माणूस होता. प्रत्येक कात्रणात तो फक्त ‘रिक्षाचालक’ आहे. त्या रात्रीनंतर तो घरी कसा गेला, त्याच्या वस्तीत त्याला कोण काय म्हणाले, त्याची रिक्षा पुढे चालली की नाही, यातले काहीही माझ्या वहीत नाही, आणि त्या वेळी ते विचारावे असे मलाही सुचले नव्हते.