आमची वाटचाल : दोघांच्या मॅपपासून रँडम मॅपपर्यंत

मल्टिप्लेअर स्ट्रॅटेजी गेमचे मॅप बनवून देणं, आणि दुसऱ्यांनी बनवलेले तपासून देणं, हे आमच्या छोट्या फर्मचं काम. सुरुवात दोन खेळाडूंच्या मॅपनी झाली. त्यात पहिला निर्णय सममितीचा: अर्धा मॅप आरशासारखा उलटवायचा, की मध्यबिंदूभोवती 180 अंश फिरवायचा? आम्ही बहुतेक वेळा फिरवतो. आरशाच्या मॅपमध्ये दोघांचे तिसरे बेस (खाणींजवळ वसवलेले तळ) अक्षाच्या दोन बाजूंना समोरासमोर येतात. मग सगळी लढाई एकाच कडेला होते आणि उरलेला मॅप ओस पडतो. फिरवलेल्या मॅपमध्ये दोघं विरुद्ध कडांनी पसरतात आणि मधला भाग खऱ्या अर्थाने वापरात येतो.

पण चित्र सममित झालं म्हणजे खेळ सममित झाला, असं नाही. इंजिनलाच, म्हणजे गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमलाच, डावं-उजवं असतं. स्टारक्राफ्ट 2 मध्ये टेरन या रेसची (खेळाडूने निवडायच्या वंशाची) बॅरेक्स, म्हणजे सैनिक तयार करणारी इमारत, 3×3 चौकटींची आणि तिचं अ‍ॅड-ऑन 2×2 चं. ही जोड-इमारत नेहमी उजव्याच अंगाला लागते. त्यामुळे रॅम्पच्या (बेसकडे चढणाऱ्या उताराच्या) तोंडाशी इमारतींची भिंत बांधताना एका कोपऱ्यातल्या खेळाडूचं अ‍ॅड-ऑन आत सुरक्षित राहतं, समोरच्याचं कड्यात अडतं किंवा भिंतीबाहेर उघडं पडतं. दोन्ही रॅम्पवर इमारती प्रत्यक्ष ठेवून पाहिल्याशिवाय हे कळत नाही. मूळ स्टारक्राफ्टमध्ये, म्हणजे 1998 च्या गेममध्ये, गीझर, म्हणजे गॅसचा झरा, मुख्य इमारतीच्या कोणत्या बाजूला आहे यावर गॅस येण्याचा वेग बदलतो. गॅस वाहून आणणाऱ्या वर्करला वळसा पडतो, फेरी लांबते. अशा गेमच्या मॅपमध्ये आम्ही गीझरपुरती सममिती मोडतो आणि सगळ्यांना तो एकाच दिशेला देतो. दिसायला जरा खटकतं, पण उत्पन्न समान येतं.

म्हणून अंतर आम्ही चौकटींत मोजत नाही, वेळेत मोजतो. एकच वर्कर एका मुख्य इमारतीपासून दुसरीपर्यंत चालवायचा, मग उलट दिशेने, आणि दोन्ही वेळा गेमच्या टिकमध्ये (गेमच्या घड्याळाच्या सर्वांत छोट्या एककात) लिहून ठेवायच्या. दोन वाटा सारख्याच लांबीच्या असल्या की पाथफाइंडिंग, म्हणजे वाट शोधणारा इंजिनचा भाग, शेजारच्या चौकटी ज्या क्रमाने तपासतं, त्यावर वाट ठरते. जाताना एक, येताना दुसरी. मोठं युनिट (सैनिक किंवा वाहन) घेऊन हीच चाचणी पुन्हा करावी लागते, कारण छोटा वर्कर जिथून सुटतो तिथे रुंद युनिट अडकतं. त्यानंतर पाहायचा कड्यांचा हिशेब. स्टारक्राफ्ट 2 मध्ये सीज मोडमधल्या, म्हणजे जागेवर रोवून लांब मारा करणाऱ्या, टँकचा पल्ला 13 चौकटी आहे. पायी पोहोचता न येणाऱ्या उंचवट्यावरून एवढ्या अंतरात कोणाच्या खाणी येत असतील, तर ड्रॉपशिप (सैन्य उडवून नेणारं यान) असलेल्या खेळाडूला ते फुकटचं दान. लॉस्ट टेंपल या जुन्या मॅपवर दुसऱ्या बेसच्या डोक्यावरचा कडा याच कारणाने कुप्रसिद्ध होता.

पुढे तीन आणि चार खेळाडूंची कामं यायला लागली, आणि तिथे भूमितीच आडवी येते. चौकोनी ग्रिड 120 अंशांत फिरत नाही. फिरवली तर रॅम्पच्या कडा तुटतात, एका खिंडीतून तीन युनिट जातात आणि दुसरीतून दोन. हेक्स, म्हणजे षटकोनी, ग्रिडला ही अडचण नाही; तीन किंवा सहा खेळाडू सहज बसतात. चौकोनी ग्रिडवर तिघांचा मॅप हवाच असेल तर आम्ही सममितीचा हट्ट सोडून देतो आणि अंतरं, तोंडांची रुंदी व साधनं आकड्यांनी जुळवतो.

चौघांचा मॅप 90 अंशांत छान फिरतो, पण त्यात वेगळाच तिढा आहे. प्रत्येकाचा तिसरा बेस, समजा, घड्याळाच्या दिशेने पुढे आहे. अशा मॅपवर दोघंच खेळत असले आणि शत्रू त्याच बाजूचा शेजारी निघाला तर पसरताना तुम्ही त्याच्या दारात जाता. तो मात्र तुमच्यापासून लांब सरकत असतो. उपाय दोनच. दोन्ही बाजूंना सारख्या अंतरावर तिसऱ्या बेसचा पर्याय द्या, नाहीतर समोरासमोरच्या कोपऱ्यांतच सुरुवात होईल असं बंधन घाला. दुसरा उपाय सोपा. स्पर्धांसाठी आम्ही तोच सुचवतो.

आता सगळ्यात जास्त वेळ जातो तो रँडम मॅपच्या, म्हणजे दर सामन्याला नवा मॅप आपोआप तयार करणाऱ्या, स्क्रिप्टवर. एज ऑफ एम्पायर्स 2 मधला अरेबिया हे इथलं परिचित उदाहरण. प्रत्येकाला 8 मेंढ्या, 2 रानडुकरं, 7 ढिगांचं मुख्य सोनं. एका ढिगात 800, म्हणजे 5600. आकडे सगळ्यांना सारखे. पण स्क्रिप्ट फक्त टाउन सेंटरपासूनचं (मुख्य इमारतीपासूनचं) अंतर पाहते, दिशा पाहत नाही. एकाचं सोनं पाठीमागे जंगलाच्या आडोशाला, दुसऱ्याचं शत्रूच्या तोंडासमोर. त्यात शेजारी टेकडी असली तर वरून मारणाऱ्याला 25 टक्के जादा नुकसान करता येतं. आमची पद्धत अशी: मॅप तयार झाला की प्रत्येक साधनापर्यंतचा वेळ दोन्ही खेळाडूंकडून मोजायचा. ‘माझ्यापासून’ भागिले ‘शत्रूपासून’ हा भागाकार दोघांचा जुळला पाहिजे. फरक ठरवलेल्या मर्यादेबाहेर गेला तर मॅप फेकून नवा सीड (ज्यावरून मॅप तयार होतो तो सुरुवातीचा आकडा) घ्यायचा. मर्यादा फार कडक ठेवली की मात्र सगळे मॅप सारखेच दिसू लागतात आणि रँडम म्हणण्यात अर्थ राहत नाही.

चाचणीबद्दल गिऱ्हाइकांशी वाद ठरलेला. “शंभर सामन्यांत वरच्या कोपऱ्याने 56 जिंकले, मॅप वाकडा आहे!” शंभर सामन्यांत योगायोगानेच साधारण 10 टक्के इकडेतिकडे होतं. 400 सामन्यांत ते 5 टक्क्यांवर येतं, हजारात 3 च्या आसपास. तेही दोघांची रेस एकच असेल आणि प्रत्येक जोडीने जागा बदलून दोनदा खेळलं असेल तरच मोजायचं. एरवी तुम्ही मॅप नव्हे, खेळाडू मोजत असता. एवढे सामने हाती नसतील तर बॉट, म्हणजे संगणकाने चालवलेले खेळाडू, लावतो. बॉट डावपेचांबद्दल काही सांगत नाही, पण पाथफाइंडिंगचा आणि खाणकामाचा पक्षपात तो चोख उघडा पाडतो.

सजावट सगळ्यात शेवटी. ती मुद्दाम असममित ठेवतो, म्हणजे आपण कोणत्या कोपऱ्यात आहोत हे खेळाडूला एका नजरेत कळतं. फक्त उंच झाडं आणि मनोरे खाणींच्या खालच्या बाजूला लावत नाही: कॅमेरा तिरका असतो, आणि झाडामागे उभं असलेलं शत्रूचं युनिट दिसतच नाही.