भरिताला पाणी सुटतं ते कुठे?

थंडी पडली आणि बाजारात पातीच्या कांद्याच्या जुड्या दिसू लागल्या की खान्देशात भरिताचे दिवस. चातुर्मासात वांगं न खाणाऱ्या घरांत चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य होतो, मग पुढे थंडी सरेपर्यंत थांबणं नाही. मसाला जवळजवळ नसलेला हा पदार्थ. म्हणूनच तो बिघडतो तेव्हा पाण्यामुळे बिघडतो.

वांगं हिरवट-पांढरं, मोठं, भरिताचंच हवं. बामणोद, आसोद्याकडची वांगी प्रसिद्ध आहेत. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकनही मिळालं. आकाराच्या मानाने हलकं, देठ हिरवागार, साल ताणलेली असं बघून घ्या. जड लागलं तर आत बिया भरलेल्या असतात, आणि जून बियांचं भरीत कडवट होतं. जांभळ्या वांग्याचंही भरीत होतं, पण ते वेगळंच.

चौघांसाठी वांगी एक किलो, पातीचा कांदा पाव किलो, हिरव्या मिरच्या आठ-दहा (तिखट असतील तर सहा), लसूण पंधरा पाकळ्या, शेंगदाणे अर्धी वाटी, सुक्या खोब-याचे थोडे काप, मूठभर कोथिंबीर, तेल अर्धी वाटी. तेल कमी करायचं तर दुसरी भाजी करा.

वांग्याला तेलाचा हात लावून सुरीने चार-पाच ठिकाणी टोचा, नाहीतर वाफ कोंडून फुटतं. तुरीच्या किंवा पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काड्यांचा जाळ मिळाला तर उत्तम, कारण साल भराभर करपते आणि धुराचा वास आत उतरतो. गॅसवर मध्यम आचेवर पंधरा-वीस मिनिटं, फिरवत राहा. देठाजवळ सुरी सहज घुसली पाहिजे. तिथेच कच्चं राहतं. मिरच्याही त्याच आचेवर भाजून घ्या.

आता पाण्याची पहिली जागा. भाजलेलं वांगं झाकून ठेवलं तर साल पटकन निघते, पण वाफेचं पाणी गरातच मुरतं. उघड्या चाळणीत दहा मिनिटं निथळू द्या, मग साल काढा. साल काढताना गर नळाखाली धरू नका. हात ओला केला तरी पुरे. किडकं निघालं तर तेवढा भाग काढा. मग लाकडी बत्त्याने ठेचा. मिक्सरमध्ये बिया भरडल्या जातात आणि गर चिकट होतो.

मिरची-लसूण मिठाशिवाय जाडसर ठेचून घ्या. तेलात शेंगदाणे आणि खोबरं तळून बाजूला काढा. भरितात शिजले तर मऊ पडतात. त्याच तेलात जिरं, मग हा मिरची-लसणाचा ठेचा परता, लसणाचा कच्चा वास जाईपर्यंत.

पातीचे दोन भाग करा. पांढरा कांदा आधी, दोन मिनिटं. हिरवी पात मोठ्या आचेवर जेमतेम मिनिटभर, झाकण न ठेवता. इथे पाण्याची दुसरी जागा: पात धुतल्यावर कापडावर कोरडी केली नाही, किंवा तिच्यावर लगेच मीठ घातलं, की कढईत रस्सा होतो आणि हिरवा रंग मरतो. म्हणून गर घालून तीन-चार मिनिटं परतल्यावरच मीठ. शेवटी शेंगदाणे, खोबरं, कोथिंबीर. हळद नाही, लाल तिखट नाही, टोमॅटो तर अजिबात नाही.

फोडणी नको असेल तर कच्चं भरीत करा: ठेचलेल्या गरात ठेचा, बारीक चिरलेली कच्ची पात, कोथिंबीर, मीठ आणि वरून कच्चं तेल. हे पानावर घेतानाच कालवायचं, कारण मीठ लागल्यावर पात पाणी सोडतेच.

सोबत कळण्याची भाकरी. चार वाट्या ज्वारीला एक वाटी सालासकट उडीद आणि थोडं मीठ घालून दळून आणा. उडदामुळे पीठ चिकट होतं, तेव्हा एकेका भाकरीपुरतंच मळा.