योटुनहाइमेन : राक्षसांच्या मुलखात, बेसेग्गेनच्या धारेवरून

नॉर्वेतल्या बेसेग्गेनच्या डोंगरधारेवर जाणाऱ्यांना पहिली सूचना: येन्दे तलावाकाठच्या येन्देसहाइमहून सकाळची बोट घेऊन मेमुरूबूला उतरा आणि डोंगरावरून चालत परत या. उलटं केलंत तर दिवसभर शेवटच्या बोटीचा धसका, आणि वर ती धार उतरावी लागते. चढताना ती निदान डोळ्यांसमोर असते, उतरताना सगळी पायाखाली. जुलै-ऑगस्टमध्ये बोटीचं तिकीट आधीच काढून ठेवा. गाडी असेल तर ती राइन्सवांगेनच्या वाहनतळावर लावून शटल बस घ्यायची.

नॉर्वेतल्या या पर्वतराजीला योटुनहाइमेन हे नाव दिलं कवी ओस्मुन ओलाव्हसन विन्ये यांनी, १८६२ साली. राष्ट्रीय उद्यान झालं १९८० मध्ये. नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या, पुराणकथांतले योटुन म्हणजे राक्षस, देवांचे पूर्वापारचे वैरी. पण त्या कथा वाचल्या की माझी सहानुभूती राक्षसांकडेच जाते. बिचारे कधीही न गोठणाऱ्या इव्हिंग नदीपल्याड आपापले राहतात आणि मेघगर्जनेचा देव थॉर हातोडा घेऊन त्यांच्या दारात हजर! एकदा तर तो रात्री एका ऐसपैस घरात मुक्काम करतो, जमीन हादरायला लागल्यावर बाजूच्या खोलीत सरकतो. सकाळी कळतं, घर म्हणजे स्क्रीमिर राक्षसाचा हातमोजा, बाजूची खोली म्हणजे त्याचा अंगठा, आणि हादरे त्याच्या घोरण्याचे.

मेमुरूबूपासून सुरुवातीलाच दमवणारा चढ आहे. दगडांवर रंगवलेला लाल 'टी' दिसत राहिला की वाट बरोबर. खरी मजा बांडेला, म्हणजे दोन तलावांमधल्या चिंचोळ्या पट्टीवर. उजवीकडे येन्दे, ९८४ मीटरवर, हिमनदीने दळलेल्या खडकाच्या पिठामुळे हिरवागार; डावीकडे बेसव्हातने, १,३७३ मीटरवर, गडद निळा. दोन्ही एकाच नजरेत, मध्ये सुमारे ३९० मीटरचा फरक, आणि समोर धार! पाण्याच्या बाटल्या इथेच बेसव्हातनेत भरून घ्या, पुढे वर पाण्याची खात्री नाही.

धारेवर काही ठिकाणी हात लावून चढावं लागतं. दोर लागत नाही, पण काठ्या घडी करून पिशवीत टाका, हात मोकळे हवेत. सह्याद्रीतल्या कातळटप्प्यांची सवय असलेल्याला तंत्र अवघड नाही. अवघड आहे तो वारा. तो जोरात असेल किंवा खडक ओला असेल तर मेमुरूबूहूनच सरळ येन्देच्या काठची वाट धरा, त्यात काही कमीपणा नाही.

वर १,७४३ मीटरच्या वेस्लेफ्येलेवर दगडांचा मोठा ढीग आहे. तिथे थांबायचं तर उबदार जाकीट आधी चढवा, घाम गार पडायला वेळ लागत नाही. मग लांबलचक, दगडधोंड्यांची उतरण, गुडघ्यांची परीक्षा घेणारी. एकूण चाल १४ किलोमीटरच्या आसपास, सहा ते आठ तास. हंगाम साधारण जूनअखेर ते सप्टेंबर. येन्देसहाइमच्या पर्यटक-निवासात जेवण चांगलं, पण खिशाला जड. आम्ही दशम्या आणि लसणाची चटणी नेली होती.