कडब्याचा रकाना

सोलापुरात आहारशास्त्राच्या पदवी वर्गाला शाश्वत आहार (शरीराला पोषक आणि पाणी-जमिनीवरही कमी भार टाकणारा आहार) हा घटक शिकवण्याचे माझे हे तिसरे वर्ष. पहिल्या वर्षी मी अन्न व कृषी संघटनेची २०१० सालची व्याख्या फळ्यावर लिहून दिली होती. ती विद्यार्थिनींनी पाठ केली, उत्तरपत्रिकेत उतरवली आणि विषय तिथेच संपला.

यंदा मी भाकरीपासून सुरुवात केली. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने, तितकेच तंतू आणि जवळपास ४ मिलिग्रॅम लोह असते. पॉलिश केलेल्या तांदळात लोह १ मिलिग्रॅमही भरत नाही. हे आकडे विद्यार्थिनींना येतातच. म्हणून त्यांना तक्त्याच्या उजवीकडे आणखी रकाने आखायला सांगितले: धान्य कोणत्या पाण्यावर पिकले, दाणा काढल्यावर उरले त्याचे काय झाले, आणि ते ताटात येईपर्यंत कोणाचे हात राबले. मालदांडी ही रब्बी ज्वारी भाद्रपद-आश्विनात पेरली की पुढे पाऊस झाला नाही तरी काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर तग धरते. दाणा कणगीत जातो आणि कडबा दावणीला. कडब्याचा रकाना मला आजवर आहारशास्त्राच्या एकाही पाठ्यपुस्तकात आढळलेला नाही. त्या कडब्यावर पोसलेल्या म्हशीचे दूध मात्र आपण त्याच ताटात निमूटपणे मोजतो.

कडक भाकरीवर ठरवल्यापेक्षा जास्त वेळ गेला, कारण ती फ्रिजविना इतके दिवस का टिकते, याचे उत्तर (ओल उडून गेल्यावर बुरशीला वाढता येत नाही) सूक्ष्मजीवशास्त्रात शिकूनही कोणी घरच्या डब्याशी जोडलेले नव्हते.

इथवर तास माझ्या मनासारखा चालला होता. मग मी उसाकडे वळले. आडसाली ऊस १८ महिने रानात उभा राहतो आणि तितके दिवस पाणी पितो, असे सांगत असताना माढ्याकडची एक विद्यार्थिनी उभी राहिली. ‘‘मॅडम, ज्वारी उपटायला आता माणसे मिळत नाहीत, आणि माझी फी उसाच्या बिलातूनच भरली आहे.’’

तिला देण्याजोगे उत्तर माझ्याजवळ नव्हते. माझ्या तक्त्यात पाणी होते, कडबा होता, बायकांचे श्रम होते. शेतकऱ्याच्या हाती काय पडते, हा रकानाच मी आखला नव्हता. पुढच्या तासाला ती वडिलांची हिशेबाची वही घेऊन येणार आहे.