शेवटच्या गाण्यातली खरखर: ‘न्यू वेव्ह ऑफ फिअर’, दुसरी बाजू

इटलीतील बोलोन्याच्या हॉरर व्हॅक्युई या बँडच्या ‘न्यू वेव्ह ऑफ फिअर’ (२०१८) या विनाइल तबकडीचे डिजिटल रूपांतर दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यापाशी अडले होते, कारण तिथे आवाज खरखरत होता, हे मागील नोंदी वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. तो पेच आता बहुतांशी सुटला आहे.

आवाज बिघडला आहे की मुळातच तसा आहे, हे ठरवणेच सर्वांत अवघड होते. कोरस हा आवाज दाट करणारा इफेक्ट लावलेला बास, फ्लँजर या इफेक्टमधून घुसळून निघणारी गिटार आणि क्रस्ट पंक या खरबरीत, कर्कश पंकच्या मुशीतून आलेली माणसे. अशा डेथ रॉकमध्ये, म्हणजे पंकमधून निघालेल्या काळोख्या गॉथिक रॉकमध्ये, खरखर हा दोष नसून अलंकार असतो. त्यातच मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीची खाच बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर सरकते, तर लेबलाजवळ जेमतेम २१, त्यामुळे तिथे, म्हणजे शेवटच्या गाण्यापाशी, उच्च स्वरांच्या लहरी दाटीवाटीने कोरलेल्या असतात आणि सुईला त्या वाचणे जड जाते. डिजिटल आवृत्तीशी ताडून पाहण्यात अर्थ वाटला नाही, कारण तिचे मास्टरिंग, म्हणजे आवाजावरचा अंतिम संस्कार, वेगळे असू शकते.

उलगडा झाला तो दोन्ही चॅनेल स्वतंत्रपणे ऐकल्यावर. गायकाचा आवाज मध्यभागी असल्याने त्याचा ‘स’ दोन्हीकडे सारखाच यायला हवा होता, पण तो उजवीकडे अधिक फाटत होता. उजवा चॅनेल खाचेच्या बाहेरच्या भिंतीवर असतो आणि सुईला आत ओढणाऱ्या बलाला तोलणारे अँटीस्केट कमी पडले की सुई आतल्या भिंतीला रेलते आणि बाहेरच्या भिंतीवरची तिची पकड सैल होते. ते किंचित वाढवताच दोन्ही बाजू समान झाल्या. मात्र समान प्रमाणात खरखरीत.

म्हणून कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) कोणत्या कोनात बसवायचे हे ठरवणारी बेअरवॉल्ड मांडणी सोडून स्टीव्हन्सन स्वीकारली. तिचा आतला शून्यबिंदू, म्हणजे सुई खाचेला अचूक समांतर असते ती जागा, तबकडीच्या केंद्रापासून ६६ ऐवजी ६०.३ मिलिमीटरवर येतो, म्हणजे नेमका अडचणीच्या जागी. (हा कोन मापणाऱ्या महागड्या आरशाच्या प्रोट्रॅक्टरची गरज नाही, छापील कागद पुरतो, फक्त त्यावरची मापे पट्टीने तपासावीत.) आता टॉम या ड्रमचा प्रत्येक ठोका सुटा ऐकू येतो आणि ‘स’ स्वच्छ आहे. मधल्या गाण्यांत थोडी झळ बसते, ती मला मान्य आहे.

तबकडीचा क्षीण संकेत वाढवणारा नवा फोनो प्रीअँप घेण्याचा बेत रद्द केला असून ते पैसे मायक्रोलिनिअर (अधिक बारीक कडेच्या) सुईसाठी ठेवले आहेत. किंबहुना हे लिहितानाच सुचले की माझा हेडशेल (कार्ट्रिज ज्यावर बसते तो भाग) सुटा होणारा आहे, तेव्हा दुसऱ्या हेडशेलवर आणखी एक कार्ट्रिज बेअरवॉल्डप्रमाणे बसवून बाजूची आधीची गाणी त्यावर ध्वनिमुद्रित करता येतील आणि दोन गाण्यांमधल्या शांततेत जोड देता येईल. दोन्ही कार्ट्रिज एकाच जातीची घेतल्यास आवाजाची पातळी जुळवणेही सोपे जाईल, म्हणून सुईच्या आधी हेडशेलच मागवतो आहे.